डाव्या हाताने

सोमवार, बुधवार, शुक्रवार
चार तास माझा उजवा हात माझा नसतो.
दोन नळ्या निघतात त्यातून,
यंत्रात जातात, फिरून येतात,
आणि मी उरते डाव्या हातापुरती.

आग्न्येश्का ट्रेवर कागद ठेवते,
चारी कोपऱ्यांना जखमेची चिकटपट्टी.
"आज काय, बोगुमिलाबाई? मोर की होडी?"
मोर नको. मोराला पिसं फार,
आणि माझा उत्साह दुसऱ्या तासाला झोपतो.
होडी दे.

आमच्या गावाचं नावच होडी. वूच.
नदी मात्र शोधून सापडायची नाही,
गिरण्या आल्या तेव्हा
तिला नळात घालून वर रस्ते केले.
अजून वाहते म्हणतात, खाली,
माझ्यासारखीच, नळीतून.

एकतीस वर्षं रंगखात्यात होते मी.
निळा चारशे बारा. तपकिरी सत्तर.
नमुन्याची चिंधी खिडकीशी धरायची,
ओला कापूस तिच्याशी ताडून बघायचा,
आणि केसभर फरक निघाला
तर अख्खा तागा परत.
घरी गेले की मुलगा मनगटं बघून सांगायचा
आज कोणता रंग होता.
तुला कोणता आवडतो,
हे एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही.
खरं सांगायचं तर मीही नाही.

म्हणून छत्तीस पेन्सिलींची पेटी पहिल्यांदा उघडली
तेव्हा तासभर नुसती बघत बसले.
आग्न्येश्काला वाटलं रक्तदाब उतरला.
दोनदा मोजला तिनं.

डावा हात साठ वर्षं
फक्त धरून ठेवायच्या कामाचा:
पिशवी, भांडं, मूल.
त्याला रेघ कळत नाही.
होडीचा लाल पाण्यात उतरतो,
पाणी काठावर चढतं,
काठावरच्या बाईचा चेहरा हिरवा होतो.
मी वाट बघते कुणीतरी तागा परत करेल याची.
कुणी करत नाही.
यंत्र आपलं घुर्र घुर्र.

शेजारच्या खुर्चीत वितोल्द.
ट्राम चालवायचा, मार्ग सहा, नंतर अकरा.
"पोरांचे खेळ," म्हणाला पहिल्या आठवड्यात.
दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "आभाळ राहिलंय."
तिसऱ्यात त्यानं स्वतःचं पान मागून घेतलं,
आग्न्येश्काशी न बोलता, नुसतं बोट दाखवून.
रेघेबाहेर जात नाही तो. एक कणही नाही.
जाणार कसा?
चाळीस वर्षं रुळावर काढलीत त्यानं.

मला दिवसाला अर्धा लिटर पाणी.
चहा त्यातच, सूप त्यातच,
गोळ्या गिळायचा घोटसुद्धा त्यातच.
म्हणून नदी मी शेवटी ठेवते
आणि सावकाश रंगवते,
एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत,
जीभ टाळ्याला चिकटलेली असताना.
चारशे बारा नव्हे.
हा कुठल्याच वहीत नसलेला निळा,
तीन पेन्सिली एकीवर एक घासून केलेला.
तहान जात नाही त्यानं. उगाच कशाला सांगू.
पण मी घड्याळाकडे बघायची विसरते.

निळी सगळ्यांत आखूड झालीय,
चिमटीत मावेल एवढीच.
आज टोक मोडलं.
टोक काढायला दोन हात लागतात
आणि आग्न्येश्का पलीकडे कुणाची तरी सुई लावतेय.
वितोल्दनं खुर्चीची चाकं पायानं ढकलली, वीतभर.
त्याचा डावा बांधलेला, माझा उजवा.
त्यानं शार्पनर धरला.
मी पेन्सिल फिरवली.

"हळू," तो म्हणाला, "वळण आहे."

साल निघाली, निळ्या काठाची, गोल,
त्याच्या पानावर पडली,
त्याच्या त्या स्वच्छ आभाळात.
त्यानं फुंकून उडवली.
थोडा निळा राहिलाच.